देवीच्या झऱ्याचं पाणी

फार पूर्वी डोंगरापलीकडच्या रानात एक झरा होता. जनावरं त्याला देवी मानत आणि त्याचं पाणी तीर्थ म्हणून पीत. तिथलं पुजारीपण एका साळिंदराकडे होतं.

एका उन्हाळ्यात पाण्याला वास येऊ लागला आणि पिल्लं आजारी पडली. साळिंदर म्हणालं, "देवी कोपली आहे. आणखी तीर्थ पाजा." हरिणीने पाडसाला बळेच पाणी पाजलं. तिसऱ्या दिवशी पाडस गेलं.

तेव्हा पाणमांजराने झऱ्यात बुडी मारली. वर येऊन ते म्हणालं, "कपारीत एक भेकर मरून कुजलंय. हे पाणी पिऊ नका."

"देवीचा गाभारा बाटवलास!" साळिंदर ओरडलं. "हाकला याला!"

जनावरं धावून आली, तशी हरिणी आडवी उभी राहिली. "खबरदार! वास मलाही आला होता. हे नाक देवीनेच दिलंय. पण मी नाकाचं सोडून तुझं ऐकलं आणि लेकराला विष पाजलं!"

तिने आणि पाणमांजराने ते धूड ढकलत बाहेर काढलं. चार दिवसांनी पाणी निवळलं.

साळिंदर सगळ्यांना म्हणालं, "बघा, देवीचा कोप शांत झाला."

"देवी कोपलीच नव्हती," हरिणी म्हणाली. "कोपलेय ती मी. आणि मी अजून शांत झालेली नाही."