माणिक अजगराचा घास

एका राज्यात पाणी उदंड होतं आणि राजाला पाहुण्यांची उठबस करायचा मनस्वी कंटाळा होता. यातल्या दुसऱ्या गोष्टीपायी पहिली जायची पाळी कशी आली आणि ती कशी टळली, त्याची ही हकीकत.

राजाचं नाव रत्नकेतू. माणसांत तो फारसा रमत नसे. त्याचा जीव होता माणिकवर, आणि माणिक होता अजगर. राजा लहान असताना नदीकाठच्या वाळूत अंड्यातून नुकतंच निघालेलं ते पिल्लू त्यानं शेल्यात गुंडाळून आणलं होतं. पुढे राजा वाढला, माणिकही वाढला, पण माणिक जरा जास्तच वाढला. आता त्याचं शेपूट खजिन्याच्या दाराशी असे आणि डोकं बागेतल्या कारंज्यापाशी. त्याच्यावरून पलीकडे जाता यावं म्हणून नोकरांनी लाकडी पायऱ्या करून घेतल्या होत्या. राजवाड्यात कुणाला त्याचं नवल वाटत नसे.

राजाचा उरलेला जीव होता साळूमावशीवर. त्याला जन्म देऊन त्याची आई गेली, त्या दिवशी पाळण्याच्या दांडीवर एक साळुंकी येऊन बसली, ती पुन्हा गेलीच नाही. वाचागिरीच्या रानातले पक्षी माणसासारखे बोलत, आणि ही त्याच रानातली. राजाला बोलायला तिनंच शिकवलं. ती गोड बोलणाऱ्यांतली मात्र नव्हती. राजा कुठूनही आला की तिचं पहिलं वाक्य ठरलेलं, "हात धुतलेस का?" राज्याभिषेकाच्या दिवशी भर दरबारात तिनं हेच विचारलं होतं, आणि राजा सिंहासनावरून उठून हात धुऊन आला होता.

एके दिवशी धूम्रकेश नावाचा मांत्रिक दरबारात आला. फार लांबून आला होता, पाय धुळीनं भरले होते. राजा तेव्हा माणिकला कोंबड्या भरवत होता.

"राजा, बसायला आसन मिळेल का?"

"थांबा जरा. आमच्या माणिकचं आधी होऊ द्या."

माणिकचं झालं. मग राजानं त्याचं तोंड पुसलं, मग त्याची पाठ चोळली, मग त्याला ऊन लागतंय का ते पाहिलं. पाहुणा आपला उभाच. शेवटी धूम्रकेशानं कमंडलूतलं पाणी फरशीवर ओतलं.

"आजपासून तुझा माणिक बोलत्या पक्ष्याखेरीज काही खाणार नाही. तो उपाशी राहील तसं तुझ्या राज्यातलं पाणी आटेल, आणि तो मेला की पाणी संपेल. मुका जीव मुका म्हणून ओळखून तो आपल्या भुकेनं गिळेल, त्या दिवशी शाप सुटेल. तोवर बस भरवत."

एवढं बोलून तो चालता झाला. फरशीवर ओतलेलं पाणी तिथल्या तिथे सुकलं.

माणिकनं कोंबडी सोडली. ससा हुंगला नाही, बकरं पाहिलं नाही. विहिरी खाली जाऊ लागल्या तेव्हा पारधी वाचागिरीच्या रानात गेले आणि दर अमावस्येला एक बोलता पक्षी आणू लागले. माणिक तो गिळायचा, विहिरी भरायच्या. लोकांना पाणी मिळालं, पण राजाची झोप गेली, कारण पक्षी बोलत. एक पोपट म्हणाला होता, "माझी पिल्लं अजून उडत नाहीत." एका बुलबुलानं काहीच मागितलं नाही, नुसतं विचारलं, "दुखेल का?" त्या दिवशी राजा जेवला नाही.

असं करता करता रान मुकं झालं. पारधी रित्या हातांनी परत आले. प्रधान राजापुढे येऊन पागोटं सारखं करत राहिला.

"बोला प्रधानजी."

"महाराज, राज्यात आता एकच बोलता पक्षी उरला आहे."

राजानं छताकडे पाहिलं. साळूमावशी कंगोऱ्यावर बसून पंख साफ करत होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

"तिचं नाव काढायचं नाही," राजा म्हणाला. "दुसरा उपाय शोधा."

प्रधान हुशार होता, पण घाईत होता. धान्याच्या कोठारात मांजराएवढाल्या घुशी माजल्या होत्या. त्यातली एक धरून त्यानं माणिकसमोर ठेवली आणि राजकवीला पडद्याआड बसवून घुशीच्या वतीनं बोलायला सांगितलं. राजकवीनं घुशीच्या तोंडी शोभेल असं काव्य म्हटलं. बरंच म्हटलं. घूस मिशा फेंदारून ऐकत राहिली, माणिकनं मात्र मान दुसरीकडे फिरवली.

"काव्य पसंत पडलं नसेल," राजकवी खिन्न होऊन म्हणाला.

"त्याला कान कुठं आहेत?" साळूमावशी वरून म्हणाली.

राजानं माणिकचं डोकं लहानपणापासून मांडीवर घेतलं होतं, पण ही गोष्ट त्याच्या ध्यानातच आली नव्हती.

"मग बोलता पक्षी त्याला कळतो कसा?"

"तेच मीही विचारते. गेल्या वर्षी वादळात मी घसरून त्याच्या पाठीवर पडले होते. शाप तेव्हाही होता आणि मी तेव्हाही बोलत होते, चांगल्या दोन शिव्या दिल्या होत्या. त्यानं मान वळवली नाही. तुला वाटलं, ओळखीची म्हणून सोडलं. साप कुणाची ओळख ठेवतो?"

"मग काय असेल, मावशी?"

"रानातले पक्षी वाचाफळ खातात. ते खाऊनच त्यांना वाचा फुटते. मीही पिल्लू असताना खाल्लं. पुढे तुझ्या घरची डाळिंबं खाल्ली. माझ्या अंगाला आता त्या फळाचा वास नाही, एवढाच माझ्यात आणि त्यांच्यात फरक."

राजानं त्याच दिवशी वाचागिरीची वाट धरली. वाटेत उलटी वाहणारी नदी लागली, ती त्यानं उलटं चालून ओलांडली. पुढे वाट अडवून बसलेला म्हातारा दगड लागला. राजानं त्याची ख्यालीखुशाली विचारली, गुडघ्यांचं दुखणं ऐकून घेतलं, तेव्हा दगड बाजूला सरला. तिसऱ्या ठिकाणी वाचाफळाचं झाड होतं, आणि त्याखाली धूम्रकेश शेळीला पाला भरवत होता. त्यानं राजाला आसन दिलं नाही. राजा उन्हात उभा राहिला. शेळी सावकाश खाणारी होती. राजानं एकदाही घसा खाकरला नाही.

"शिकलास," धूम्रकेश अखेर म्हणाला. "काय हवं?"

"वाचाफळं. शापाची गोम कळली, घुशीला वास लावून भरवीन म्हणतो."

"शाप मी त्याच्या जिभेला दिला. तो हुंगतो जिभेनं. ही तीन फळं ने, झाडावर एवढीच उरली आहेत. खाणारे पक्षीच नाहीत, तर झाड तरी कुणासाठी फळणार? मात्र ऐक. वास लावून घूस खाऊ घातलीस तर माणिक फसेल, शाप फसायचा नाही. शेवटची घूस घुशीच्याच वासानं त्यानं खाल्ली पाहिजे."

राजानं वाकून नमस्कार केला. धूम्रकेशानं शेळीकडे तोंड फिरवलं.

राजा परतल्यावर प्रधानानं सुचवलं, घुशीपेक्षा कोंबडी बरी, सवयीची आहे. मावशीनं ते खोडून काढलं. "पिसाचं काही दिलंत तर तो पक्षी समजूनच गिळेल. पिसं नकोत, चोच नको, काही नको."

पहिलं फळ राजानं फोडलं, गर घुशीच्या अंगाला नाकापासून शेपटीपर्यंत चोळला आणि ती घूस माणिकपुढे सोडली. माणिकची जीभ हलली. मान उचलली गेली. तो झेपावला, पण घुशीवर नाही. त्यानं राजाचा हात कोपरापर्यंत धरला आणि राजाला वेटोळं घातलं. घूस कोपऱ्यात जाऊन बसली.

"हात!" मावशी ओरडली. "हात धुतलेस का?"

राजानं धुतले नव्हते. आयुष्यात एकदा तो विसरला, तो नेमका तेव्हा. सेवक तलवारी उपसून धावले. "त्याला मारू नका," राजा म्हणाला, तेवढाच श्वास त्याच्यात होता. मोकळ्या हातानं त्यानं कारंज्याचं पाणी पसा पसा घेऊन माणिकच्या तोंडावर आणि आपल्या हातावर मारलं. वास उतरला. माणिकनं हात सोडला, वेटोळं सैल केलं, कोपऱ्यातली घूस शोधली आणि गिळली.

राजा पालथा पडून धापा टाकत होता आणि हसत होता. हातावर दातांची नक्षी उमटली होती. त्या दिवसापासून तो लांब चिमट्यानं भरवू लागला.

दुसऱ्या फळाचं त्यानं फक्त साल घेतलं आणि घुशीच्या नाकाला तेवढं पुसलं. माणिकनं बराच वेळ विचार केला. जीभ आत-बाहेर केली. मग ती घूसही त्यानं गिळली. विहिरी थोड्या भरल्या, लोकांना धीर आला.

तिसरी घूस नुसतीच दिली. माणिकनं ती हुंगली आणि मान फिरवली.

राजानं दुसऱ्या दिवशी दिली, त्यानंतरही दिली. माणिक घेईना. विहिरींचं पाणी खाली जाऊ लागलं, कारंजं बंद पडलं, आणि एका सकाळी माणिकच्या डोळ्यांवर दुधाळ पडदा आला.

"महाराज, तो मरायला टेकला," प्रधान म्हणाला. "आंधळा झाला."

राजानं माणिकच्या पाठीवर हात ठेवला. कातडी निबर लागत होती, रंग विटला होता. "मरत नाही. कात टाकायला आला आहे. या दिवसांत कुठलाच साप खात नाही. काही देऊ नका, कुणी हात लावू नका. थांबायचं."

थांबायचं म्हणणं सोपं होतं. राजवाड्याच्या दाराशी रिकामे हंडे घेऊन लोक उभे राहिले. कुणी आरडाओरडा केला नाही. एक बाई मूल कडेवर घेऊन पुढे आली. "महाराज, आमचं काही म्हणणं नाही," ती म्हणाली, "पण एका साळुंकीपायी किती दिवस?" राजानं आपल्या वाटणीचं पाणी तिच्या हंड्यात ओतलं.

ते बोलणं मावशीनं ऐकलं. संध्याकाळी राजा देवघरातून आला, तर ती माणिकच्या डोक्याजवळच्या कठड्यावर बसलेली. चोच जांभळी झाली होती. तिसऱ्या फळाची नुसती बी कठड्यावर पडली होती.

"मावशी, काय केलंस हे?"

"जे रानातल्या पक्ष्यांनी केलं ते. त्यांना कुणी विचारलं नाही, मी आपण होऊन आले. कात टाकली की त्याला भूक लागेल, आणि मला आता वास आहे. लोकांना पाणी मिळेल, घुशीनं मिळालं त्याहून पुष्कळ."

"अमावस्येपुरतं मिळेल. मग?"

"मग तुझं डोकं चालव. तेवढं शिकवलंय मी."

राजानं तिला जन्मात कधी हात लावून धरलं नव्हतं. आता धरलं. तिनं टोचलं, रक्त काढलं, ज्या शिव्या माणिकला दिल्या होत्या त्या राजाला दिल्या. राजानं तिला पिंजऱ्यात घातलं, पिंजऱ्यावर शाल टाकली आणि तो सगळ्यात आतल्या खोलीत नेऊन ठेवला. शालीखालून आवाज यायचा बंद झाला. तो आवाज थांबला त्याचं राजाला शिव्यांपेक्षा जास्त लागलं.

माणिकनं कात टाकली. दगडी खांबाला अंग घासत घासत तो तिच्यातून बाहेर आला, आणि जुनी कातडी खजिन्यापासून कारंज्यापर्यंत तशीच पडून राहिली. नवे डोळे लखलखीत होते. राजाच्या हाताला साळूचा आणि फळाचा वास होता. धुवायला पाणी वापरायची त्याची छाती होईना, म्हणून त्यानं चुलीतली राख घेऊन हात कोपरापर्यंत खसाखसा घासले. मग कोठारातली एक घूस चिमट्यात धरून माणिकपुढे केली. तिच्या अंगाला धान्याचा वास होता, बिळाचा होता, घुशीचा होता. दुसरा कुठलाच नव्हता.

माणिकनं जीभ काढली. एकदा हुंगलं. परत हुंगलं. राजाला वाटलं आता मान फिरवणार. दाराशी लोक हंडे धरून उभे होते. घुशीनं शेपटी हलवली, आणि माणिकनं तिला घेतलं. सावकाश गिळलं, जांभई दिली आणि आणखी आहे का ते पाहायला मान पुढे केली.

कारंज्यानं एकदा गुळणी केल्यासारखा आवाज केला आणि पाणी वर आलं. मग गावातल्या विहिरी, मग नदी. दाराशी हंड्यांची झुंबड उडाली. प्रधान रडत होता आणि डोळ्यांत राख गेली असं सांगत होता.

राजा मात्र आतल्या खोलीकडे धावला. शाल काढली, पिंजऱ्याचं दार उघडलं. मावशी आत बसून राहिली. बाहेर येईना, बोलेना.

"मावशी, शाप सुटला. मी तुला कोंडलं, त्याची तू देशील ती शिक्षा घेईन. पण बोल."

ती पंख साफ करत राहिली. राजाला धडकी भरली, हिची वाचाच गेली की काय. त्यानं दोन्ही हात पुढे केले. मावशीनं त्या हातांकडे पाहिलं, एका डोळ्यानं, मग मान वळवून दुसऱ्या डोळ्यानं.

"हात धुतलेस का?"

"राखेनं घासले होते, मावशी."

"राख म्हणजे पाणी नव्हे. जा."

राजा गेला. कारंज्याशी बसून त्यानं हात धुतले, आणि तोंडही धुवावं लागलं, कारण ते केव्हाच ओलं झालं होतं.

कठड्यावरची ती बी मावशीनं बागेत पुरायला लावली. झाड झालं, फळं धरली. त्या राज्यातल्या चिमण्या आणि बुलबुल ती फळं खाऊन बोलू लागले, आणि माणिक झाडाखाली पडून घुशी पचवत राहिला. पक्ष्यांना पहिलं वाक्य कुणी शिकवलं ते सांगायला नको. अजूनही त्या राज्याच्या वेशीतून परका माणूस आत आला की झाडावरून कुणीतरी त्याला हात धुवायला सांगतं, आणि त्याचे हात धुऊन होईतो राजा स्वतः पाट घेऊन आलेला असतो.