नावाड्याच्या मुलीची आणेवारी

एका नदीकाठच्या गावात एक आणेवारीकार राहत होता. बांधावर उभं राहून तो शेताकडे नजर टाकी आणि म्हणे, “बारा आणे पीक.” सोळा आणे म्हणजे भरघोस, चार आणे म्हणजे दुष्काळ. लोक त्याला मानत.

समोरच्या डोंगरावर एक विद्यापीठ होतं. दाराशी ही गर्दी, आत मात्र ओंजळभर मुलांनाच घेत. मग गावातले आईबाप मुलांनाही आणेवारीकाराकडे नेऊ लागले. तो शेताभोवती फिरावं तसा मुलाभोवती फिरे, एखादा पाढा विचारी आणि प्रवेशाची आशा आण्यांत सांगे. चौदा आणेवाले त्याच दिवशी अभ्यास सोडून पोथ्या बांधून ठेवत आणि नवीन अंगरख्याचं माप द्यायला जात. दोन आणेवाले डोंगर चढतच नसत. त्यामुळे गावातलं कुणीच निवडलं जात नसे. चौदा आणेवाला परत आला, की आणेवारीकार म्हणे, “दोन आणे कमीच होते ना!” म्हणजे तो कधी चुकत नसे.

गावच्या नावाड्याला एक मुलगी होती. दर पावसाळ्यात नदीवरचा लाकडी साकव वाहून जाई. न वाहणारा पूल कसा बांधतात, हे तिला डोंगरावर जाऊन शिकायचं होतं.

“पूल झाला तर माझ्या नावेत कोण बसेल गं?” नावाड्याने विचारलं.

“तू पुलाच्या तोंडाशी बस आणि जकात घे. वल्हवायला नको.”

नावाड्याला हे पटलं. तो तिला आणेवारीकाराकडे घेऊन गेला.

आणेवारीकार तिच्याभोवती फिरला. “दीड आणा,” तो म्हणाला. “त्यातला अर्धा तुझ्याकडे बघून दिलाय, नावाड्या.”

“काका, शेताची आणेवारी तुम्ही कधी काढता?” मुलीने विचारलं.

“पीक उभं राहिल्यावर.”

“मग माझी पेरणीलाच कशी काढलीत?”

“माणसांचं वेगळं असतं,” आणेवारीकार म्हणाला आणि पुढच्या मुलाकडे वळला.

परतताना मुलगी नावेत बसली. दीड आण्यासाठी एवढा डोंगर चढायचा का, हेच तिच्या मनात घोळत होतं. मग तिने विचारलं, “बाबा, पुरात नाव घालतोस तेव्हा पलीकडे पोचायची आशा किती आणे असते?”

नावाडी वल्हं मारत म्हणाला, “तेव्हा कोण मोजतंय? तेव्हा वल्हवायचं.”

दुसऱ्या दिवसापासून मुलगी ओढ्यावर गोटे रचून पूल बांधू लागली. पूल पडत. का पडला ते ती बघे आणि दुसरा बांधे. शेजारीण म्हणे, “दीड आण्याची पोर पाण्यात खेळतेय.” मुलीला ऐकू जाई, पण हात गोट्यांत असत.

प्रवेशाचा दिवस आला तेव्हा ती डोंगर चढून गेली.

“तुला काय येतं?” आचार्यांनी विचारलं.

“माझे पूल पडतात,” ती म्हणाली. “ते का पडतात हे थोडं कळलंय. टिकवायचे कसे, ते इथे कळेल असं वाटलं.”

आचार्य मनमोकळे हसले. कोणता पूल कुठून खचला, ते त्यांनी एकेक करून विचारलं. शेवटी म्हणाले, “आमची पंगत लहान आहे. आज बरीच चांगली मुलं परत जातील, त्यांचा काही दोष नाही. पण तुझं पान वाढलंय. तुमच्या गावाहून इतकी वर्षं कुणी धड तयारीनं आलंच नाही. आम्हाला वाटलं, गाव उठलं.”

बातमी गावात पोचली. नावाड्याने त्या दिवशी सगळ्यांना फुकट पलीकडे नेलं, ज्यांना जायचं नव्हतं त्यांनासुद्धा. आणेवारीकार म्हणाला, “मी सांगितलंच होतं. दीड आणा होता की नाही?”

काही वर्षांनी मुलगी शिकून परतली आणि नदीवर तिच्या पुलाची दगडी कमान उभी राहिली. पावसाळा आला, पूर आला, ओसरला. कमान जागेवर होती आणि नावाडी तिच्या तोंडाशी ऐटीत जकात घेत बसला होता.

एका सकाळी आणेवारीकार आला. त्याने पुलाकडे नजर टाकली, एक डोळा मिटला आणि काही बोलणार, तोच नावाडी म्हणाला, “आधी पलीकडे जाऊन या काका. मग सांगा.”

आणेवारीकार गेला. परत आला. मुकाट्याने जकात देऊन घरी गेला.

तात्पर्य, लागलंच तर, एवढंच: आणेवारी उभ्या पिकाची काढावी, पोरांची पेरणी चालू असताना बांधावरून आकडे ओरडू नयेत. आणि कुणी ओरडलाच, तर पोरांनी पेरत राहावं.