दोराएवढी मूठ

नदीवर पूल बांधावा हे अजून कुणाला सुचलेही नव्हते, त्या काळातली ही गोष्ट. लहानांनी ती ऐकावी आणि मोठ्यांनी ऐकून एकदा आपल्या हातांकडे बघावे.

एका रुंद नदीच्या दोन काठांना दोन गावे होती. या काठापासून त्या काठापर्यंत काथ्याचा जाड दोर बांधलेला होता. नावेत उभे राहायचे, दोर धरायचा आणि एकामागून एक हात पुढे टाकत नाव पलीकडे न्यायची. हे काम सगुणा नावाची बाई करत असे. अंगाने दणकट, बोलायला फटकळ आणि पाण्याला न भिणारी. नवऱ्याच्या माघारी त्या एका नावेवर तिने घर चालवले, धाकट्या नणंदेला सांभाळले.

गावाची एक रीत होती. दर दसऱ्याला नावाड्याने उजव्या मुठीत गवताची काडी धरायची आणि पाटलांनी ती ओढायची. काडी निसटली, तर नाव दुसऱ्याकडे जायची. ज्या मुठीतून काडी सुटत नाही तिच्यातून दोर कसा सुटेल, असा गावाचा हिशेब. ही रीत कुणी घातली ते कुणालाच ठाऊक नव्हते, म्हणून तर ती मोडायची कुणाची छाती नव्हती.

एका उन्हाळ्यात सगुणेचा उजवा हात नाव आणि घाटाचा दगड यांच्यामध्ये चेंगरला. हाडे जुळली, पण बोटे ताठरली. अर्ध्यावर वाकत आणि तिथेच अडत. मूठ मिटायला गेली, तर आत लिंबू मावेल एवढी जागा राही.

वैद्य म्हणाले, "बाई, बोटं रोज शेका, रोज वाकवा, आणि जेवढी वाकतात तेवढ्यांनी रोज काम करा."

सगुणेने त्यातले पहिले दोनच उपाय धरले. डाव्या हाताने उजव्याची बोटे दाबत ती दिवसभर बसे, कळ आली की डोळ्यांतून पाणी काढी, पण कामाला हात लावीना. "मूठ मिटली की मग बघू," एवढेच म्हणे. नाव नणंद कशीबशी ओढी. शिवाय वहिनीची वेणी घाली आणि तिला भरवीही.

शेवटी एक दिवस नणंद वैतागली. वरणभाताचे ताट समोर आदळून म्हणाली, "वहिनी, तुझी मूठ मिटायची तेव्हा मिटो. भूक आत्ता लागलीय ना? मग जेव. काठावर माणसं खोळंबलीत माझी." आणि ती तरातरा निघून गेली.

सगुणेला भयंकर राग आला. पण रागाने काही पोट भरत नाही. तिने भात कालवला, घास उचलला, तोंडात घातला. बोटे जेमतेमच वाकली होती. मग ती हट्टालाच पेटली. तांब्या उचलला. केरसुणी धरली. केसांतून फणी फिरवली. घागरीच्या गळ्याला बोटे अडकवून ती उचलली. सगळे जमले! पुरती मिटलेली मूठ फक्त गुद्दा घालायला लागली असती, आणि नणंद तर केव्हाच घाटावर पोचली होती.

दुसऱ्या दिवसापासून सगुणा पुन्हा नावेवर उभी राहिली.

दसरा आला. घाटावर दोन्ही गावे जमली. पाटलांनी काडी ओढली आणि ती अलगद बाहेर आली.

"सगुणाबाई, वाईट वाटतं," पाटील म्हणाले, "पण रीत ती रीत. नाव आता दुसऱ्याची."

नाव गेली की घरातली चूल विझणार होती. तरी सगुणा पुढे झाली. "जायची तर जाईल, पाटील. त्याआधी एवढं करा. हा दोर धरा."

पाटलांनी धरला.

"आता मूठ पुरती मिटा."

पाटलांनी बळ लावले. चेहरा लाल झाला, पण मध्ये दोर होता. बोटे तळव्याला टेकेनात.

"नाही ना टेकत?" सगुणेने शेजारीच दोर धरला. "तुमची बोटं जिथं थांबली, तिथंच माझी थांबतात. दोर याहून जास्त वाकू देतच नाही."

पाटील चिडले. "धरणं वेगळं, ओढणं वेगळं. मध्यावर हात सुटला तर नाव धारेला लागेल."

"मग तुम्हीच बसा नावेत."

चारचौघांत माघार कशी घेणार? पाटील बसले. नदी अजून भरलेली होती. मध्यावर धारेने नाव खेचली, दोर करकरला, पाटलांनी डोळे मिटून देवाचा धावा सुरू केला. सगुणेने बोटे दोरात अडकवली, पाय रोवले, अंग मागे टाकले आणि एकेक हात पुढे टाकत नाव पलीकडच्या काठाला लावली आणि तशीच परतही आणली.

पाटील घाईघाईने घाटावर उतरले. पण माणूस खोटा नव्हता. सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाले, "काडी आजपासून बंद. यापुढं नावाड्याची परीक्षा नावेतच होईल. आणि ही नाव सगुणाबाईंची!"

सगुणेने पुढे म्हातारपणापर्यंत ती नाव चालवली. तिची मूठ पुरती कधीच मिटली नाही, आणि मिटते का हे पाहायला तिला पुन्हा सवडही झाली नाही.

तात्पर्य: पुरती मिटलेली मूठ रिकामीच असते, बोटे कामापुरती वाकली की हात कामाला लावावा.