बोरडी नदीची शपथ

बोरडी नदी जेमतेम गुडघाभर पाण्याची, पण दोन राज्यांची सीमा तीच होती. यंदाच्या पुरात ती सगुणाक्काच्या शेतात शिरली आणि तिथूनच वाहू लागली. अर्धं शेत नदीच्या पलीकडच्या काठाला गेलं.

आठव्या दिवशी पलीकडचे सुभेदार नरसिंगराव नकाशा घेऊन हजर! नकाशात नदी बरोब्बर नव्या जागी काढलेली. नकाशा म्हणे आजोबांच्या काळचा; मग शाईला अजून वास कसा येतोय? सगुणाक्काच्या मनात पाल चुकचुकली.

"नदी पहिल्यापासून इथूनच वाहते. पलीकडची जमीन आमची," सुभेदार म्हणाले.

"असेल सरकार. पण इथल्या रिवाजाप्रमाणे सीमेची शपथ नदीत अनवाणी उभं राहून, ओंजळीत पाणी घेऊन वाहतात. तेवढं करा," सगुणाक्का म्हणाली.

सुभेदारांनी हसत जोडे काढले. चार पावलं गेले नाहीत तोच "आई गं!" म्हणत एका पायावर नाचू लागले.

सगुणाक्काने पाण्यात हात घातला आणि त्यांच्या पायाला टोचलेलं, कापणीनंतर उरलेलं ज्वारीचं धसकट मुळासकट उपटून वर धरलं.

"सरकार, नदी पहिल्यापासून इथेच होती, तर ही ज्वारी काय मासे पेरून गेले?"