मोडबाई आणि निरोप्या

माणसाच्या मेंदूतली एन्झाइमं शेजाऱ्यापाजाऱ्यांसारखी भांडत-बोलत असत, तेव्हाची ही गोष्ट. सुंदरामावशींच्या मेंदूत भट्टीदादा साखर फोडायचा. तिच्यातून निघालेलं अ‍ॅसिटिल नावाचं द्रव्य जाळून तो सगळ्यांना शक्ती पुरवायचा आणि त्यातलीच एक चिमूट निरोप्याला द्यायचा. निरोप्या त्यातून आठवणींचे निरोप घडवायचा. पोचलेला निरोप मोडबाई लगेच मोडून टाकायची. "मी घडवावं आणि हिनं मोडावं! करंटी मेली," असं निरोप्या सगळीकडे सांगत फिरे.

हरतालिकेच्या कडक उपासात साखर कमी पडली. नेमकी तेव्हाच मावशींची बाळपणीची मैत्रीण कितीतरी वर्षांनी दारात उभी राहिली. "ओळख बघू मला!" मावशींना काही केल्या नाव आठवेना. मैत्रिणीचा चेहरा उतरू लागला.

निरोप्या वाटी घेऊन धावला. "दादा, चिमूटभर द्या हो!"

"भट्टी विझली तर सगळेच अंधारात बसू. आज नाही."

मागे मोडबाई उभी होती. "आण ती वाटी. शेजाऱ्याची वाटी रिकामी पाठवू नये." मोडलेल्या निरोपांचे तुकडे तिने जपून ठेवले होते. त्यांतूनच तिने अ‍ॅसिटिल काढून दिलं.

"बाई, मी तुला नाही नाही ते बोललो गं."

"सगळं ऐकलंय मी. आधी निरोप धाड, ती बिचारी रडकुंडीला आलीय."

निरोप गेला. "अगं बाई, कौशी तू!" म्हणत मावशींनी मैत्रिणीला मिठी मारली.

मग मोडबाई तो निरोप मोडायला आली, तेव्हा निरोप्याने हात जोडून तिला वाट करून दिली.