सात मिनिटं बाकी

“एकदा ‘हो’ म्हणायला तुमचं काय जातं, आप्पा?”

सदानंद वेर्णेकरांनी हा प्रश्न आठ दिवसांत किती वेळा विचारला होता, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. पहिल्या दिवशी तो हात जोडून विचारला होता. आज त्याला धार आली होती.

आप्पा मठाच्या पडवीत बसून पंच्याने मान पुसत होते. सकाळचा वर्ग नुकताच सुटला होता. चैत्रातलं ऊन नऊ वाजायच्या आतच फरशीवर उतरलं होतं.

“तांब्यात पाणी आहे का, बघा जरा,” आप्पा म्हणाले.

“बघतो. आधी एवढं ऐकून घ्या.”

आणि वेर्णेकरांनी वही उघडली.

नदीकाठच्या त्या मठात आप्पा चाळीस वर्षं आसनं शिकवत होते. त्यांची शाळा सातवीपर्यंत. वेर्णेकर पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक. मोजल्याशिवाय काही मानू नका, असं सव्वीस वर्षं कॉलेजातल्या मुलांना सांगत आलेले. त्यामुळे त्यांनी मोजलं होतं. कोणत्या आसनाला किती हर्ट्झचा नाद, किती मिनिटं, आधीची नाडी, नंतरची नाडी. रकाने पट्टीने आखलेले. एकाही ठिकाणी खाडाखोड नाही.

“ताडासनाला तीनशे शहाण्णव. भुजंगासनाला चारशे सतरा. शवासनाला पाचशे अठ्ठावीस, सलग वीस मिनिटं, मध्ये खंड नाही. नाडी आठ-नऊ ठोक्यांनी उतरते. मी पदरचं काही सांगत नाही.”

“पवनमुक्तासनाला?”

“त्याला अजून ठरवलेला नाही.”

“ठरवू नका. त्याचा आवाज त्याच्याबरोबरच येतो.”

वेर्णेकर हसले नाहीत. पिशवीतून त्यांनी एक वाडगा काढला, तळहातावर ठेवला आणि लाकडी दांड्याने त्याच्या काठाला हलकेच स्पर्श केला. नाद उठला, लांबला, पडवीच्या तुळईपर्यंत गेला.

आप्पांनी वाडगा हातात घेऊन उलटा करून पाहिला.

“काशाचा दिसतोय.”

“मिश्रधातू आहे. मुद्दाम मागवलेला.”

“आमची आई असल्या वाटीनं तळपाय चोळायची. तूप लावून. उन्हाळ्यात डोळ्यांची आग व्हायची ना, तेव्हा.” त्यांनी वाडगा परत दिला. “वाजवतात हे ठाऊक नव्हतं.”

“आप्पा, थट्टा नको.”

“बरं.”

मठामागे पिठाची गिरणी होती. तिने एवढ्यात पट्टा घेतला आणि भिंतीतून घरघर येऊ लागली. वेर्णेकरांनी डोळे मिटून घेतले. डोकं दुखणाऱ्या माणसासारखे.

“हेच. हेच मी म्हणतोय. लोक शवासनात पडलेले असतात आणि डोक्यात ही गिरणी. मी परवा मोबाईलवर मोजला हा आवाज. अत्यंत वाईट आहे. तुम्ही त्या माणसाला एक तासभर बंद ठेवायला का सांगत नाही?”

“सांगतो. पाचशे अठ्ठावीसवर दळ म्हणतो.”

वेर्णेकरांनी वही मिटली. पुन्हा उघडली. असल्या माणसाशी बोलायचं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी, हे त्यांना तिसऱ्या दिवशीच कळायला हवं होतं. तरी रोज सव्वीस किलोमीटर गाडी चालवून ते येत होते, मागच्या सतरंजीवर बसत होते आणि वर्ग सुटला की वही घेऊन पुढे सरकत होते. आप्पा नाही म्हणत नव्हते. तसं म्हणाले असते तर वाद घालता आला असता.

“तुम्हाला माझी परवानगी कशाला हवी?” आप्पांनी विचारलं. “घरी लावा की. कोण अडवतंय?”

“परवानगी नकोय.”

“मग?”

“तुम्ही म्हणायला हवं. की आसनांना नादाची जोड दिली तर माणसाला बरं वाटतं. दोन ओळींचं वाक्य आहे.”

“माझ्या वर्गात बारा म्हातारे आणि तीन सुना. म्हाताऱ्यांना निम्मं ऐकू येत नाही. सुनांना साडेआठला घर गाठायचं असतं. त्यांच्यासाठी एवढी वही?”

वेर्णेकरांनी वहीचा दुमडलेला कोपरा सरळ केला.

“पहिल्या पानावर नाडी कुणाची आहे?”

“मृदुलाची.”

आप्पांनी पंचा खांद्यावर टाकला.

मृदुला, वेर्णेकरांची बायको, नऊ वर्षं या मठात येत होती. खिडकीखालची सतरंजी तिची. तेव्हा वेर्णेकर आत यायचे नाहीत. बाहेर चिंचेखाली गाडी लावून पेपर वाचायचे आणि ती आली की विचारायचे, “झाली का सर्कस?” ती हसायची. मग तिचं दुखणं निघालं. डॉक्टरांनी जे सांगायचं ते सांगितलं. वेर्णेकरांना हातावर हात ठेवून बसणं कधी जमलं नव्हतं. त्यांनी वाचलं, मागवलं, मोजायला घेतलं. तिच्या एकेका आसनाला त्यांनी एकेक नाद बसवला. आसनं एकेक करून सुटत गेली. शेवटी शवासन तेवढं राहिलं.

“एकोणीस दिवस,” वेर्णेकर म्हणाले. “रोज दोनदा. मी स्वतः हेडफोन लावायचो. तिला आराम पडायचा.”

“ती म्हणाली तसं?”

“वही म्हणते.”

गिरणी घरघरत होती. आप्पांनी भिंतीकडे पाहिलं, मग वेर्णेकरांकडे.

“म्हणून तुम्ही हो म्हणा,” वेर्णेकर म्हणाले. आवाज चढला आणि तसाच खाली आला. “ती तुमच्यावर विश्वास ठेवायची. तुम्ही म्हणालात की हे बरोबर आहे, तर मी तिच्यासाठी जे केलं ते…”

आप्पा उठले. आत जाऊन खिडकीखालची सतरंजी घेऊन आले, पडवीत अंथरली आणि तिच्यावर उताणे झाले. पाय थोडे फाकलेले, तळहात वर. अठ्ठ्याहत्तर वर्षांचं शरीर, पण आडवं होताना कुठे कुरकुरलं नाही.

“लावा,” ते म्हणाले.

“काय?”

“तुमचं ते. पाचशे किती.”

आठ दिवसांत पहिल्यांदा या माणसाने सरळ उत्तर दिलं होतं. वेर्णेकर लगबगीने जवळ बसले. आप्पांची नाडी मोजली, वहीत मांडली. हेडफोन काढले, आप्पांच्या पांढऱ्या केसांवरून नीट बसवले.

“वीस मिनिटं,” त्यांनी एका कानावरचा हेडफोन जरा उचलून सांगितलं. “मध्ये हलायचं नाही. बोलायचं नाही. खंड पडला तर उपयोग नाही.”

आप्पांनी डोळे मिटले.

पाच मिनिटं गेली. सहा. वेर्णेकरांना बरं वाटत होतं. मोबाईलवर उलटे जाणारे आकडे बघत ते मांडी घालून बसले होते. गिरणीचा राग येत नव्हता. आप्पांचा श्वास लांब झाला होता. छाती सावकाश वर येत होती, सावकाश खाली जात होती. हे वहीत लिहिण्यासारखं होतं.

नवव्या मिनिटाला आप्पांचे ओठ हलले. उजवा हात जमिनीवरून उचलला गेला आणि कानाकडे निघाला.

वेर्णेकरांनी तो अलगद धरून खाली ठेवला.

“अकरा मिनिटं बाकी आहेत,” ते म्हणाले. आप्पांना ऐकू जाणार नाही, हे त्यांना माहीत होतं.

मिनिटभराने हात पुन्हा उठला. या वेळी बोटं पोचली आणि हेडफोन एका कानावरून सरकला. ओठ पुन्हा हलले. गिरणीच्या आवाजात शब्द कळला नाही. वेर्णेकरांनी हेडफोन जागेवर बसवला. आधी केस मागे सारून, मग कानाची पाळी आत घेऊन, मग हलकेच दाबून. सवयीचा हात होता. एवढ्या सफाईने ते दुसरं कुठलंही काम करत नसत.

तिसऱ्यांदा हात उठला तेव्हा त्यांचाही हात पुढे गेला.

आणि अधांतरी थांबला.

त्या दुपारी सात मिनिटं बाकी होती. मृदुलाचा हात असाच उठला होता. बांगडी कोपरापर्यंत घसरली होती, इतका तो बारीक झाला होता. ओठ हलले होते. त्यांनी हात खाली ठेवला होता. पुन्हा उठला, पुन्हा ठेवला. तिसऱ्यांदा हेडफोन निघाला, तो त्यांनी असाच केस मागे सारून बसवला होता आणि ‘थोडंच राहिलंय’ असं म्हटलं होतं. तिला ऐकू गेलं नसणार. मग तो हात उठला नाही. वीस मिनिटं पूर्ण झाली. त्यांनी वहीत लिहिलं : किंचित अस्वस्थता. नाडी आठने कमी.

दिवेलागणीला ती गेली.

ती काय म्हणत होती, त्याला वहीत रकाना नव्हता.

आप्पांचा हात अजून वर होता. थरथरत नव्हता. नुसता वर होता.

वेर्णेकरांनी दोन्ही हातांनी हेडफोन काढले. त्यातून नाद येतच राहिला, उघड्यावर अगदी बारीक, डासासारखा. मोबाईल बंद करायला हवा होता. ते त्यांना सुचलं नाही. वही मांडीवरून घसरून फरशीवर पालथी पडली.

गिरणी थांबली होती. केव्हा, ते कळलं नव्हतं.

वेर्णेकर आप्पांच्या तोंडाजवळ वाकले. “काय म्हणत होतात?”

आप्पांनी डोळे उघडले. ते तुळईकडे बघत होते.

“काय म्हणत होतात, आप्पा? मला ऐकू आलं नाही.”

“पाणी मागत होतो,” आप्पा म्हणाले. “अजून तहान आहे.”