साचेखात्यातला जॉबर

"वय झालं म्हणजे रोग झाला का, अप्पा?"

प्रश्न इतक्या मोठ्यानं आला की मठाच्या ओवरीवरचे पारवे उडाले.

विचारणारा अंबादास चिलवेरी. सोलापूरच्या एका गिरणीत साचेखात्याचा जॉबर, म्हणजे माग चालवणाऱ्यांचा वरचा माणूस. गिरणी बंद पडली तेव्हा त्याची पन्नाशी उलटून गेली होती.

मठातले रेवणअप्पा वाती वळत होते. मी शेजारी शेंगा निवडत बसलो होतो. खरं सांगायचं तर त्या आवाजाचा मला रागच आला.

"जरा हळू बोला की," मी म्हणालो.

"हळूच बोलतोय!" तो ओरडला.

अप्पा हसले. "कुठं कुठं गेलास?"

"दुकानात गेलो, गोदामात गेलो. मॉलमध्ये वॉचमन पाहिजे होता, तिथं गेलो. मुलाखत घेणारा माझ्या मुलापेक्षा लहान. म्हणतो, काका, ओरडू नका. आणि या वयात नवीन काय शिकणार तुम्ही?"

"मग? काय शिकणार?"

"काही नाही. मला माग येतो. दुसरं काही येत नाही. आणि आता कुणाच्या हाताखाली उभा राहून शिकणारपण नाही."

"घर कसं चाललंय?"



"बायको विड्या वळते. पहाटेपासून. तिची बोटं आता सरळ होत नाहीत, अप्पा."

हेसुद्धा त्यानं ओरडूनच सांगितलं. माझा राग मात्र गेला.

अप्पांनी हातातली वात खाली ठेवली. त्याच्याकडे नुसते बघत राहिले...

"नाही," अंबादास एकदम म्हणाला. "सकाळी चहा घेतला, तेवढाच."

मी दचकलो. कुणी काही विचारलंच नव्हतं. अप्पांकडे पाहिलं, तर त्यांचे ओठ हलत होते. आवाज नाही.

"दोघं. मुलगी गुलबर्ग्याला दिली. मुलगा पुण्यात, त्याचंच त्याला पुरत नाही."

शेंग माझ्या हातातच राहिली.

"अप्पा, तुम्ही काय विचारलंत त्यांना?"

"जेवलास का. मुलं किती." आता अप्पा नेहमीसारखे बोलले. "तुला ऐकू नाही आलं?"

"नाही."

"त्याला तर कळलं."

अंबादास वैतागला. "त्यात काय एवढं? मागांच्या खडखडाटात कान असून नसल्यासारखे. ओठ बघायचे, हात बघायचे. आमच्याकडे सगळेच असं बोलतात."

अप्पांनी टेकडीखालच्या कौलारू इमारतीकडे बोट दाखवलं.

"ती बहिऱ्या मुलांची शाळा. मोठ्या मुलांसाठी हातमाग आणलेत, पण शिकवणारा टिकत नाही. कुणी असेल तर पाठवा, असं मोठ्या बाई परवाच सांगून गेल्या."

"का टिकत नाही?"

"पाठीमागं उभं राहून सूचना देतात."

अंबादासला हसू फुटलं. लगेच त्यानं ते आवरलं.

"पगार?"

"विड्यांपेक्षा बरा. जॉबरचा नाही. आणि आधी मुलांच्या खुणा शिकायच्या. मुलांकडूनच."

"पोरांच्या हाताखाली?" त्याचा चेहरा लाल झाला. "अप्पा, मी खात्यात पाऊल टाकलं की चारी बाजूंनी जॉबरसाहेब, जॉबरसाहेब, अशा हाका यायच्या!"

"ऐकू यायच्या?"



पारवे परत येऊन ओवरीवर बसले.

"नाही," तो म्हणाला. "दिसायच्या."

मी त्याच्यापुढं मूठभर शेंगा ठेवल्या. त्यानं त्या खाल्ल्या, टरफलं गोळा केली आणि उठला. चपला पायात सरकवल्या. शाळेकडं उतरणाऱ्या पायऱ्यांपाशी जाऊन मात्र तो घुटमळला.

मग मागं वळला. या खेपेला त्याचा आवाज इतका खाली आला होता की मला कान द्यावा लागला.

"तिथं मला हाक कोण मारणार, अप्पा?"

अप्पांनी खाली ठेवलेली वात पुन्हा हातात घेतली.

"कुणी नाही. तू बघत राहा."